पहिल्या वेचणीचा दिवस

रुखमाबाई रोज सकाळी वावरात निघण्याआधी उंबऱ्यावर बसून बोटांना जवसाचं तेल लावायची. आधी अंगठे, मग नखांच्या कडा, मग बोटांची पेरं. कापसाच्या वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात. तेल लावलेलं बोट त्यांच्यावरून निसटतं, असं तिचं म्हणणं होतं. शेजारच्या बाया येता-जाता त्याच वाटीत बोट बुडवायच्या. पावसाळ्यात वेचणी नसतानाही तिचं तेल लावणं चुकायचं नाही. विचारलं तर म्हणायची, "बोटाईले सवय ऱ्हावू दे."

ती माझी मोठमाय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. नेरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं. नाल्याच्या पलीकडे गाव आणि अलीकडे आमचा बौद्धपुरा. वेचणाऱ्या बायांची टोळी रुखमाबाईची होती. तीत बहुतेक आमच्याच पुऱ्यातल्या बाया, आणि एक मलिकाचाची. मलिकाचाचीचा नवरा नजीर बसथांब्यावर पंक्चर काढायचा. पुढचं बरंचसं मला तिनेच सांगितलं. मोठमायने स्वतः तो विषय कधी काढला नाही.

आमच्या भागात कापसाची वेचणी सुरू करताना सीतादही करतात. मालकाच्या घरची बाई कपाशीच्या पहिल्या तासात, म्हणजे ओळीत, पाच खडे मांडते, त्यांना हळदकुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि थोडा भात चारी दिशांना टाकते. उरलेला भात वेचणाऱ्या बायांना वाटतात. मोठमायच्या सासूने तो भात खूप वर्षं खाल्ला होता. घरच्या बायांना तो हातात मिळायचा. आमच्या बायांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाची पानं मांडून बसावं लागे आणि भात वरून पडे. पडताना तो पानाबाहेरही सांडे. छप्पन साली सासू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्या हंगामापासून तिने सीतादहीच्या दिवशी वावरात जाणंच बंद केलं. भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली आणि वेचायला लागली.

तेव्हापासून हीच रीत पडली. पहिला दिवस गावातल्या बायांचा, दुसऱ्यापासून आमची टोळी. पूजा नको, भातही नको. दोन्ही बाजूंना ते सोयीचं होतं, म्हणून पन्नास वर्षं टिकलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि बाहेरगावची माणसं आम्हाला विचारायची, तुमच्याकडे कुणी हसतं की नाही? हसायचे. रुखमाबाईच्या टोळीत तर जरा जास्तच.

अशाच एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर देवराव पाटील नाला ओलांडून आमच्या पुऱ्यात आले. मोठमाय दारात तूर पाखडत होती.

"रुखमाबाई, औंदा उद्यापासूनच या."

"आज रुखमाबाई? परवापर्यंत त रुखमी होती मी," सूप न थांबवता ती म्हणाली.

देवराव हसले, पण लगेच आभाळाकडे बोट दाखवलं. "नवं बियाणं पेरलं, तं सारी बोंडं एकदमच फुटली. पाणी आलं त मातीत जाते सारं. गावातल्या चार बायाईनं काय होते?"

"पहिल्या दिवशी आमी येत नाही, पाटील. तुमाले मालूम हाय."

"पूजा नका करू ना तुमी. बाजूले बसा घडीभर."

"बाजूले बसाचं काम माही सासू करून गेली."

 देवराव हळूच म्हणाले, "नेरहून टोळी आणाव लागन मंग. आन् एकदा ते आली का साऱ्या हंगामभर तेच ऱ्हायते. त्याईले आननारा ऑटोवाला ऐकत नाही मधात." त्यात धमकी नव्हती. खरं तेच ते सांगत होते.

संध्याकाळी टोळी मोठमायच्या दारात जमली. गावातलं सगळ्यांत मोठं वावर देवरावांचं होतं. ते गेलं असतं तर हंगामच गेला असता. आणि पहिल्या दिवशी वावरात जावं तर पुन्हा पळसाचं पान. बाया बराच वेळ बोलल्या. शेवटी मोठमाय म्हणाली, "जाऊ. पन भात हातात देला तरच घ्याचा. वरून टाकला त पान तिथंच ठेवाचं, कमरेची ओटी सोडाची आन् घरी याचं. पाटलाचं वावर गेलं त गेलं."

"मी काय करू?" मलिकाचाचीने विचारलं. "मी त दरसाल पहिल्या दिवशी बी जाते. मेरेकू तो कभी हातात, कभी पानावर, जसा मूड."

"तू बी उठजो."

"उठते ना बाई. तुम्ही गेल्यावर एकटी कोनाशी भांडू?"

सकाळी टोळी वावरात पोचली तेव्हा पूजा मांडलेली होती. देवरावांची बायको आधीच वारली होती आणि आईला जाऊनही वर्ष झालं होतं, म्हणून पूजेला देवरावांची नवी सून शीला बसली होती. ती महागावकडची. शेजारी देवरावांची काकू सूचना करत होती. आमच्या बाया थोड्या अंतरावर वेचलेला कापूस ठेवायच्या ओट्या कमरेला बांधून उभ्या राहिल्या. शीलाने नैवेद्य दाखवला, भात उडवला, आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन सरळ मोठमायसमोर आली.

"माय, तुमी वाहा. आमच्याकडं सगळ्यांत वडीलधारी वेचणारीन वाहते, आन् पहिलं बोंड तेच तोडते."

 काकूने शीलाचा पदर ओढला. देवराव कापसाच्या पऱ्हाटीकडे बघत राहिले. मोठमायने ताटाकडे पाहिलं, मग शीलाकडे. पोरीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"हळदकुंकू आमी वाहत नाही, बाई," मोठमाय म्हणाली. "बोंड मातर तोडतो. ते माहं कामच हाय."

तिने पहिल्या झाडाचं एक टपोरं बोंड बघितलं, पाचही बोटांनी कापूस एका ओढीत सोडवला आणि शीलाच्या ओंजळीत ठेवला. मग आपल्या पातीला, म्हणजे वाट्याच्या ओळीला, लागली. सगळ्याच लागल्या.

दुपारी बाया धुऱ्यावरच्या बाभळीखाली आल्या. अजून भाताचं ठरायचं होतं. मलिकाचाची सांगते, शिदोरी सोडायला कुणाचे हात उठेनात. सगळ्यांचे डोळे शीलाच्या गाठोड्यावर. शीलाने गाठोडं सोडलं. आत एक स्टीलची वाटी होती, रिकामी.

"भात?" काकूने विचारलं.

"उडवला ना चारी बाजूनं."

"आन् बायाईचा?"

"वाटाचा असते का?" शीला गोंधळली. "आमच्याकडं देवापुरताच करते."

काकूने कपाळाला हात लावला. आणि मलिकाचाची हसली ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. "रुखमाबी! रातभर फौज तयार केली, आन् समोर भातच नाही!"

बाया हसल्या. देवरावही हसले, कारण न समजताच. शीला मात्र हसली नाही. पूजेआधी खायचं नाही म्हणून ती सकाळपासून उपाशी होती, आणि त्या रिकाम्या वाटीशिवाय तिने काही आणलं नव्हतं. मोठमायने आपली शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर अर्धी मोडली, वर अंबाडीची भाजी घातली आणि हात पुढे केला. खाली ठेवली नाही. हातातच धरून राहिली.

"शीला, घरी गेल्यावर खाजो," काकू म्हणाली.

शीलाने काकूकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी भाकर घेतली.

"लई तिखट हाय का वं माय?"

"महागाववाल्याले लागन."

तिला लागली. नाक पुसत पुसत तिने ती सगळी खाल्ली. काकू आपलं गाठोडं उचलून पलीकडच्या धुऱ्यावर जाऊन बसली.

"पाटील, तुमी?" मोठमायने विचारलं.

"मी घरून जेवून आलो."

"पोट तं काही वेगळंच सांगून राह्यलं," मलिकाचाची म्हणाली. देवराव पाणी आणायला म्हणून विहिरीकडे गेले.

पाऊस आला नाही. कापूस घरी आला. पुढच्या वर्षी देवराव निरोप द्यायला आले नाहीत, कारण टोळी पहिल्याच दिवशी येणार हे धरलेलं होतं. शीलाने त्या वर्षी गंजभर, म्हणजे पातेलंभर, दहीभात केला आणि जिच्या तिच्या हातात दिला. मोठमायने तो खाल्ला. पाया मात्र ती कधी पडली नाही. पूजेच्या वेळी ओटी बांधून उभी राहायची. काकू अखेरपर्यंत पलीकडच्या धुऱ्यावर जेवली आणि देवराव दरवर्षी घरून जेवून आले. मोठमाय त्यावर रागावत नसे. "ज्याले भूक लागन तो येईन," म्हणायची आणि शीलाला दोन भाकरी जास्त आणायला सांगायची.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. मी अमरावतीहून आले होते. शीला रोज दुपारी डबा घेऊन नाला ओलांडून यायची. आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. खाटेवर टेकून ती चमच्याने भरवायची, आणि महागावच्या आपल्या भावाची, त्याच्या सुनेच्या बाळंतपणाची, कशाकशाची गोष्ट सांगत राहायची. मोठमाय डोळे मिटून ऐकायची.

त्या शेवटच्या दुपारी शीलाने कढीभात आणला होता. मोठमायने दोन घास घेतले, तिसरा तोंडात घोळवला आणि डोळे उघडले.

"मीठ कमी हाय वं, शीला."