पट्टीखालचं नाव

काच हातात आली की सर आधी तिच्यावरच्या नावावर कागदी पट्टी चिकटवायचे, मगच मायक्रोस्कोपला डोळा लावायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "नाव वाचलं की डोळा दयाळू होतो."

डोंबिवलीतल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काचांना रंग द्यायची. कुणाच्या तरी गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी काचेवर पसरलेल्या असत. त्या रंगात बुडवायच्या, धुवायच्या, सरांपुढे ठेवायच्या. सही करायला डॉक्टर संध्याकाळी येत, पण त्याआधी प्रत्येक काच सरांच्या, म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञांच्या, नजरेखालून जायची. मी तेव्हा तिशीतली, स्वतःला फार हुशार समजणारी. आज नातवंडं मला हसतात. तेव्हाच कोणीतरी हसायला हवं होतं.

सरांच्या बायकोचं कोपर स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र होतं. आम्हाला पेशी समजवायची म्हटली की सर बोलता बोलता थेट तिथेच घेऊन जात. आतल्या खोलीत वही घेऊन बसलेली बाई म्हणजे केंद्रक. ती ओट्यापाशी कधीच येत नाही, नुसत्या चिठ्ठ्या पाठवते. चिठ्ठी वाचून एकजण पोळ्या लाटते. दुसरी घड्या घालून डब्यात भरते, कुठला डबा कुठे जाणार ते लिहिते. गॅस सगळ्यांना आच पुरवतो आणि कोपऱ्यात एकजण खरकटं उचलत असते. "वहीत गोंधळ झाला की ओट्यावर दिसणारच," सर म्हणायचे. "एकटं कोणी बिघडत नाही."

मी गंभीरपणे मान डोलवायची. मनात विचार चालू असायचा की आज तिथे भाजी कुठली असेल.

मग एका एप्रिल महिन्यात माझ्याच मानेत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली.

घरी सांगितलं नाही. मुलगी दुसरीत होती. तिची वेणी घालताना हात थरथरायचे, म्हणून आठवडाभर तिला नुसती रबरं लावून शाळेत पाठवली. गाठ दिसू नये म्हणून मफलर गुंडाळला आणि सर्दी झालीय म्हणून सगळ्यांना सांगितलं. कोपरीतल्या एका अनोळखी डॉक्टरांकडून सुई घालून घेतली, काच डबीतून आणली, तिच्यावर भलतंच नाव घातलं आणि आमच्याच ट्रेमध्ये सरकवली. ज्या माणसाने जन्मात कधी नाव वाचलं नाही, त्याच्यापासून मी नाव लपवलं. एवढी हुशार.

निळ्या रंगात काच किती वेळ ठेवायची, हे मी घड्याळावर मोजत नसे. एक स्तोत्र म्हणायची. स्तोत्र संपलं की काच बाहेर. त्या दिवशी मधेच ओळ विसरले. पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडले. तिसऱ्या खेपेला कसंबसं शेवटापर्यंत पोचले. तोवर काच रंगातच होती.

सरांनी पट्टी चिकटवली. मी पाठीमागे उगाच भांडी विसळत राहिले. बाकीच्या काचा भराभर व्हायच्या, या काचेवर मात्र ते थांबले. काच पुढे सरकवली, परत मागे आणली.

"केंद्रकं काळीकुट्ट आहेत," ते म्हणाले.

काळं केंद्रक म्हणजे कॅन्सरची शंका, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला. दुसरी ते दहावी, आठ वर्षं. तेवढी तरी मिळतील का?

सर खुर्चीवरून उठले आणि मला बसायला लावलं. "ओटा बघा," म्हणाले. मला आधी नुसतं डोळ्यांतलं पाणीच दिसत होतं. "गर्दी नाही, सांडलवंड नाही. प्रत्येकजण आपापल्या जागेवर. वही एवढी काळी आणि स्वयंपाक सुरळीत, असं होत नाही. पेशी घाबरलेली नाही. रंग देणारी घाबरलीय."

मी मफलर आणखी घट्ट ओढून घेतला.

"पुन्हा सुई घालून घ्या. बिघडलेला रंग मी वाचत नाही. आणि तो मफलर काढा. एप्रिल महिन्यात कोण गुंडाळतं?"

दुसऱ्या काचेला रंग त्यांनी स्वतः दिला. तिच्यावरही पट्टी चिकटवली, जणू कोणाची आहे ते त्यांना माहीतच नव्हतं. गाठ साधी निघाली. त्या संध्याकाळी मी मुलीची वेणी इतकी घट्ट घातली की ती रडली.

सर निवृत्त झाले, काही वर्षांनी गेले. पोळीभाजी केंद्रही बंद झालं.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी माझी मान चाचपली आणि म्हणाले, "आजी, एकदा बघून घेऊ." मुलीने मला ठाण्याच्या मोठ्या लॅबमध्ये नेलं. तिथल्या पोरीने काचेवर माझं नाव-वय छापलेलं लेबल लावलं. मी तिला विचारलं, "बाळ, रंगात किती वेळ ठेवतेस?"

ती हसली. "मी नाही आजी, मशीन ठेवतं. सेकंदाचाही फरक पडत नाही."

रिपोर्ट उद्या आहे. मुलगी सारखी म्हणतेय, काही नसणार गं आई. मी मानेभोवती पदर गुंडाळून बसलेय आणि माझं मन एकाच जागी अडलंय. मशीन स्तोत्र विसरत नाही. मशीनचा हात थरथरत नाही. या वेळी काचेवर काही काळं दिसलं, तर ते पेशीचंच असणार.