हरेश्वर भावजींची व्हिक्टोरिया

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हरेश्वर, म्हणजे माझे भावजी, यांच्याइतका गोंधळलेला माणूस माहीमच्या कोळीवाड्यात दुसरा नव्हता, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगत असे. मेहुणीला तेवढा हक्क असतो. ते हसत आणि म्हणत, "आसल बाय." भांडायची हौस असलेल्या बाईची याहून मोठी फजिती नाही.

भावजी वल्हेकरी होते. स्वतःची होडी नव्हती. दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारायचं आणि वाट्याला येईल ती मासळी घरी आणायची. वल्हं मारणारा माणूस पुढच्या वाटेकडे पाठ करून बसतो. होडी पुढे जाते आणि त्याचं तोंड मागे, सुटलेल्या किनाऱ्याकडे असतं. पुढे काय आहे ते तांडेल बघतो. तो सांगेल तसे हात चालवायचे, मध्ये तोंड घालायचं नाही. भर समुद्रात दोघं हुकूम देऊ लागले की होडी बुडते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. भावजींनी हा नियम जमिनीवरही चालवला, तिथेच घोडं पेंड खायचं. घरात माझी बहीण रखमा तांडेल होती. आज भाकरी की भात, जाळं विणायचं की विकत घ्यायचं, सगळं तिनं सांगावं आणि यांनी करावं. रखमा तापाने गेली तेव्हा त्यांची मालन अगदी लहान होती. तेराव्यानंतर मी भाकरी घेऊन गेले, तर बाप उंबऱ्यात बसलेला आणि पोर त्याला सांगत होती, बाबा, आता अंघोळ कर. त्या दिवसापासून त्या घरात मालन तांडेल झाली.

मालन लग्नाची झाली तेव्हा शीव कोळीवाड्यातल्या उत्तमची सोयरीक मीच आणली. मुलगा धडधाकट, घरची होडी, सासू नाकासमोर चालणारी. भावजींना विचारलं तर ते म्हणाले, तुमी बगा. मालनला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पोरींना विचारायची तेव्हा रीत नव्हती. प्लेग यायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट.

आमच्या लग्नात भटजीआधी धवलारीण लागते. ती धवला गाते, म्हणजे लग्नाची पिढीजात गाणी, आणि तिच्या गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. तिने तोंड उघडल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. माहीमची धवलारीण गंगुबाई. रखमाच्या लग्नात तीच गायली होती, म्हणून मालनच्या लग्नातही तीच हवी असा माझा हट्ट होता. पण गंगुबाईचा गुडघा धरला होता आणि ती गिरगावात लेकीच्या, कमलच्या, बिऱ्हाडी राहायला गेलेली. चालणं जमेना, आगगाडीचा डबा चढवेना. होडीत ती पाऊल टाकत नसे, कारण तिचा मुलगा दर्यात बुडाला होता. बैलगाडीने हाडं खिळखिळी झाली असती. शेवटी ठरलं की भाड्याची व्हिक्टोरिया, म्हणजे साहेबी घोडागाडी, करायची. तिची पायरी बुटकी आणि बैठक मऊ.

धवलारणीला आणायला नवरीच्या बापानं स्वतः जायचं असतं, नारळ-विडा घेऊन. सोबत ओटी भरायला एक सवाष्ण. म्हणून हळदीच्या दिवशी सकाळी मी आणि भावजी दादरला गेलो आणि दिवसभराची गाडी ठरवली. दिवेलागणीला हळद होती. त्याआधी गंगुबाई माहीमच्या मांडवात दिसली पाहिजे, एवढंच काम होतं. एवढ्याशा कामाला दिवस पुरून उरेल असं मला वाटलं होतं.

गाडीवान रघुवीर नावाचा उत्तरेकडचा माणूस होता. घोडा हाकण्यात पटाईत, पण लहान पोरीला घेऊन मुंबईत येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता, हे आम्हाला वाटेत कळलं. भावजी गाडीत चढले आणि मोठी मऊ बैठक सोडून गाडीवानाच्या पाठीला लागून जी चिंचोळी फळी असते तिच्यावर बसले. म्हणजे तोंड मागे. आयुष्यभराची सवय. मोठ्या बैठकीवर त्यांनी नारळ-विड्याचं तबक ठेवलं, कारण ती जागा गंगुबाईची, तिच्याआधी तिथे आपण कसं बसायचं. मग मीही बसले नाही. त्यांच्या पायाशी, गाडीच्या तळाला फतकल मारली.

रघुवीरने लगाम उचलला आणि अदबीने विचारलं, "किधर लेना, सेठ?"

भावजींना जन्मात कोणी सेठ म्हटलं नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग मला हळूच विचारलं, हा कोनाला बोलतंय. मी म्हटलं, तुम्हालाच. ते म्हणाले, "तांडेल तो, आनि मना इचारतंय?"

आणि इथूनच सगळं बिघडलं. भावजींच्या लेखी पुढे तोंड करून उंचावर बसलेला तो तांडेल. तो नेईल तिकडे जायचं, त्याला शहाणपण शिकवायचं नाही. रघुवीरच्या लेखी ज्याने भाडं ठरवलं तो मालक. तो सांगेल तिकडे जायचं. दोघंही हुकूम पाळण्यात नंबर एक आणि हुकूम द्यायला गाडीत कोणी नाही. राहता राहिले मी. मी रोज डोक्यावर पाटी घेऊन परळ-लालबाग पालथं घालणारी, मला रस्ता येत होता. पण तो पायांचा रस्ता होता. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, इथून आत घे. रघुवीरने घेतली, आणि दोन चाळींच्या मधे गाडी अशी अडकली की दोन्हीकडच्या बाया खिडकीतून घोड्याला भाकरी भरवू लागल्या. घोडा सोडून गाडी हातांनी मागे ओढावी लागली. त्यानंतर रघुवीरने माझं ऐकणं सोडलं. मला राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं.

लालबागला एका गिरणीची सुट्टी झाली होती. गिरणीतली माणसं रस्त्यावर आली आणि आमची गाडी पाहून थबकली. मऊ बैठकीवर एकटा नारळ, त्याच्यासमोर हात जोडल्यासारखा बसलेला माणूस आणि खाली त्याच्या पायाशी बाई. एका म्हाताऱ्या गिरणीकामगाराने चप्पल काढून नमस्कार केला आणि विचारलं, खंयच्या देवाची पालखी ही? भावजींनी त्यालाही नमस्कार केला आणि म्हणाले, मना ठाव न्हाय. मी पदर तोंडात कोंबला. हसावं की रडावं तेच कळेना.

प्रत्येक नाक्यावर रघुवीर मागे वळून विचारी, सेठ, किधर? आणि प्रत्येक नाक्यावर भावजी दचकत. एकदा म्हणाले, तू नेशील तिकरं. एकदा नुसताच हात वर केला, तो रघुवीरने डावीकडे धरला. बोलायची वेळ आलीच तर भावजी आपल्या डाव्या-उजव्याने सांगत, आणि तोंड मागे असल्याने ते नेमकं उलटं निघे. विचारत विचारत, फिरत फिरत, आम्ही गिरगावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती.

गंगुबाई सकाळपासून नेसून बसली होती. तिने आधी आम्हाला फैलावर घेतलं, मग ओटी घेतली. भावजींनी तिच्या हाती नारळ दिला आणि हात मागे घ्यायचंच विसरले. मी म्हटलं, दिवसभर गाडीचे धक्के खाल्ले, दुसरं काय.

परतताना मऊ बैठकीवर गंगुबाई बसली आणि भावजी परत आपल्या फळीवर, म्हणजे आता तिच्या समोर. ती मालनविषयी विचारत होती. स्वयंपाक कसा करते, बापाचं कसं बघते. भावजी एकेका शब्दात उत्तरं देत होते. परळ ओलांडल्यावर भोईवाड्याच्या बाजूला फाटा आला. रघुवीरने विचारलं, किधर? गंगुबाई म्हणाली, सांग की रे हरेश्वरा. भावजी मागे सुटलेल्या रस्त्याकडे बघत राहिले. रघुवीरने आपल्या मनाने एक रस्ता धरला, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आपण शिवडीकडे, माहीमच्या अगदी उलट दिशेला चाललोय. ऊन तिरपं झालं होतं. तिकडे मांडवात बाया हळद वाटून बसल्या असतील, शीवची माणसं येऊन खोळंबली असतील. मला ब्रह्मांड आठवलं.

मी भावजींना नको नको ते बोलले. रखमा असती तर तिने वल्ह्यानेच मारलं असतं म्हणाले. लेक कोणाची, लगीन कोणाचं, आणि गाडीवानाला दोन शब्द सांगायला तुमची जीभ का झडते, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फार विचार केल्यासारखं करून त्यांनी मला विचारलं, "तुलसे, ही गारी मी बोललो तर थांबल?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "थांबल, वलल, मागं बी फिरल. भारं दिलंय आपुन. सांगून तर बगा."

ते मान वळवून घोड्याकडे बघू लागले. मला वाटलं, या माणसाच्या डोक्यात आता समुद्राचं पाणी शिरलं.

शेवटी गंगुबाईनेच कारभार हाती घेतला. रिकाम्या पाट्या घेऊन एक बैलगाडी समोरून येत होती, तिला सुक्या बोंबलांचा वास येत होता. गंगुबाईने काठीने रघुवीरच्या पाठीला टोचलं आणि सांगितलं, ती गाडी माहीमचीच, तिच्या मागे लाव आणि आता कोणाला काही विचारू नको. राजेशाही व्हिक्टोरिया बैलांच्या चालीने, बोंबलांच्या मागोमाग कोळीवाड्यात शिरली. मांडवात नुकतंच कोणी दिवे लावत होतं. बाया धावत आल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि गंगुबाईला हाताला धरून उतरवलं.

मालन पाटावर बसलेली. हिरव्या लुगड्यात, रखमाच्याच नाकाची, रखमाच्याच डोळ्यांची. वाटीत हळद कालवलेली. गंगुबाई तिच्या शेजारी टेकली, घसा खाकरला. बाया सूर धरायला सरसावल्या.

तेवढ्यात भावजी मधे आले. कोणाच्या मधे न आलेला तो माणूस, माणसांना बाजूला सारत आला आणि लेकीच्या पाटापुढे उकिडवा बसला.

"मालन," ते म्हणाले, "तुना जावाचा नसल तर आता सांग. गारी भायेर उबी हाय. गंगुबायला मी परत गिरगावला सोरून येतंय."

कोणाला काही कळेना. शीवच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. उत्तमचा मामा उठून उभा राहिला. मी भावजींचा दंड धरून त्यांना ओढू लागले, तर गंगुबाईने माझ्या हातावर काठी ठेवली. ती म्हणाली, बापानं विचारलंय, पोर बोलेपर्यंत मी गायची नाही. आणि खरंच तोंड मिटून बसली. तिला वेळेवर आणण्यासाठी मी दिवसभर जीव टाकला होता आणि आता तीच सगळ्यांना थांबवून बसली होती.

मालनने खाली पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. मला वाटतं, त्या पोरीलाही आपल्याला काय हवं ते तिथेच, त्या पाटावर, पहिल्यांदा शोधावं लागत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता.

"बाबा, मना जावाचा हाय."

भावजींचा चेहरा मी पाहिला आणि दिवसभराचा माझा सगळा राग गळून पडला. ती नाही म्हणेल अशी आस त्यांना होती. सकाळपासून होती. कदाचित सोयरीक झाली त्या दिवसापासून असेल. तुमी बगा म्हणणाऱ्या या माणसाला काही हवं असेल, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. आणि मी भांडखोर बाई त्यांना वल्ह्याने मारायच्या गोष्टी करत होते. दिवसभर रस्ता चुकला तो सवयीने की त्यांना पोचायचंच नव्हतं म्हणून, ते मला अजूनही ठरवता येत नाही. त्यांनाही ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

त्यांनी मान हलवली. बोटाने थोडी हळद उचलली आणि लेकीच्या गालाला लावली. गंगुबाईने धवला उचलला. बायांनी सूर धरला आणि मांडव पुन्हा भरून गेला.

भावजी बाहेर गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले, कारण त्या घडीला त्यांना एकटं सोडायला मन घेईना. गाडी तशीच उभी होती. रघुवीर घोड्याला चारा घालत होता. भावजींना पाहून तो लगबगीने वर चढला, लगाम हातात घेतला आणि त्याने दिवसभराचा प्रश्न परत विचारला. अब किधर, सेठ?

या वेळी भावजी दचकले नाहीत. त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला.

"तुज्या घरा जा," ते म्हणाले. "तुजी पोर वाट बगत आसल."