मुका माज
दूध तापवायला ठेवलं, की मला सेलूकडचा एक गोठा आठवतो. मी तेव्हा जनावरांचा नवखा डॉक्टर होतो. तिथल्या म्हशीचा माज मुका. माजावर आली तरी ती ओरडायची नाही, त्यामुळे कृत्रिम रेतनाची वेळ हुकायची. आता गाभण राहिली नाही, तर तिला बाजार दाखवणार होते. दुधातल्या हार्मोनवरून माज कळतो, म्हणून मी नमुना मागितला. मालकीण म्हणाली, "दिवा लागला नं, आता दूध घराबाहेर नाई जात." मग चाचणी गोठ्यातच मांडली. नळीत गडद निळा रंग उतरला. "माजावर आहे," मी म्हणालो. बाई म्हशीकडे वळली, "काऊन वं, पान्हा माह्या हातात सोडतं, अन् सांगतं या परक्या माणसाले?" त्या खेपेला रेतन वेळेवर झालं आणि म्हैस गाभण राहिली. आता घरी पिशवीचं दूध येतं. तापवताना वाटतं, यात किती मुक्या म्हशींचं सांगणं मिसळलं असेल?