न वापरलेल्या सॉफ्टवेअरचे तज्ज्ञ

माझे धाकटे दीर तज्ज्ञ आहेत. कशाचे, ते विचारू नका. त्यांच्या वेबसाइटवर त्यांचा फोटो आहे, हाताची घडी घातलेला, मागे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट. कपाट शेजाऱ्यांचं आहे. फोटोखाली लिहिलंय की आमची तज्ज्ञ मंडळी प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतः पारखून मगच तुम्हाला सल्ला देतात. मंडळी म्हणजे हे एकटेच. आणि पारखण्याची जागा म्हणजे आमच्या घरातली मागची खोली, तिथलं इस्त्रीचं टेबल. उभं राहून काम केलं की पाठ शाबूत राहते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं, तेव्हापासून त्या टेबलावर लॅपटॉप असतो आणि मी जमिनीवर चादर पसरून इस्त्री करते. माझ्या पाठीबद्दल अजून कुठे काही छापून आलेलं नाही.

नवऱ्याला मी अरे-तुरे करते आणि दिराला अहो-जाहो. वयाने ते माझ्याहून लहान आहेत, पण एवढ्या मोठ्या तज्ज्ञाला 'अरे' म्हणायला जीभ धजत नाही. मी त्यांना भावजी म्हणते.

भावजी लहानपणापासूनच हुशार, असं सासूबाई सांगतात. शाळेत म्हणे धडा न वाचता नुसतं गाइड वाचून उत्तरं लिहायचे आणि धडा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त मार्क काढायचे. पुढे एका ऑनलाइन दुकानात गाद्यांची वर्णनं लिहायला लागले. 'पाठीला ढगासारखा आधार' वगैरे. गादीवर बसलेसुद्धा नव्हते कधी. तिथल्या साहेबांनी त्यांची फार तारीफ केली, आणि त्या तारिफेने आमच्या माणसाचं जे डोकं फिरलं ते आजतागायत जागेवर आलेलं नाही. नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा उद्योग काढला. सॉफ्टवेअरची तुलना.

हा उद्योग मी तुम्हाला नीट समजावून सांगते, कारण मला तो समजायला बराच वेळ लागला. एक शीट असते. प्रत्येक ओळीत एका सॉफ्टवेअरचं नाव. पुढे रकाने: बॅकअप आहे का, इंटरनेट गेलं तरी चालतं का, फोनवर मदत मिळते का. हे रकाने भावजी त्या त्या कंपनीच्या जाहिरातीवरून भरतात. जाहिरातीत सापडलं नाही तर दुसऱ्या एखाद्या तज्ज्ञाच्या पानावरून. तो तज्ज्ञ भावजींच्या पानावरून भरतो. असा सगळा घरोबा. मग एक साचा असतो, 'अमुक आणि तमुक ही दोन्ही उत्तम सॉफ्टवेअर आहेत, पण तुमच्यासाठी योग्य कोणतं?' बटण दाबलं की शीटमधल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लागते आणि हजारो पानं आपोआप तयार होतात. वाचणाऱ्याने पानावरून एखादं सॉफ्टवेअर विकत घेतलं की भावजींना कमिशन. एकदा मी सहज एक पान उघडलं, तर दातांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर आणि शाळेच्या बसचं सॉफ्टवेअर यांची जुंपली होती. शेवटी निकाल काय, तर दोन्ही आपापल्या जागी चांगली.

"भावजी, हे वाचतं कोण?" मी विचारलं.

"वाचत कोणी नाही, वहिनी," ते म्हणाले. "शोधतात."

आता माझ्या नवऱ्याचं ऐका. त्यानेही सॉफ्टवेअरच केलंय, पण एकच, आणि तेही वर्षानुवर्षं घासून. लॉन्ड्रीवाल्यांसाठी. कपडा काउंटरवर आला की त्याला एक चिठ्ठी लागते, आणि तो धुवायला गेला, वाळला, इस्त्री झाला, कुठल्या हँगरला टांगला, सगळं पडद्यावर दिसतं. कुणाचा कोट कुणाच्या घरी जात नाही. गावातली काही दुकानं ते वापरतात. एखाद्या दुकानात काळी पँट दिसेनाशी झाली की फोन येतो आणि नवरा हातातला घास टाकून उठतो. आमच्या घरात एक जेवण सलग पार पडलेलं मला आठवत नाही.

विशेष म्हणजे भावजींनी जन्मात वापरलेलं एकमेव सॉफ्टवेअर ते हेच. गाद्यांची नोकरी सोडल्यावर, हा उद्योग काढण्याआधी, एक अख्खा उन्हाळा ते एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभे होते, वाफेत, घामाने निथळत. नवऱ्याने नवीन काही केलं की ते तिथे चालवून बघायचे आणि चूक सापडली की संध्याकाळी येऊन सांगायचे. तेव्हा ते फार गुणी होते. मला तेव्हाचे भावजी अजून आवडतात.

म्हणूनच शीटमध्ये नवऱ्याच्या सॉफ्टवेअरची ओळ आली तेव्हा ते म्हणाले, हे दादाचं आहे, हे असं जाहिरातीवरून उरकायचं नाही, सवडीने नीट लिहायचं. नाव टाकलं आणि पुढचे सगळे रकाने रिकामे ठेवले. बाकीच्या तीनशे ओळी एका दुपारी चिकटवून झाल्या. ही ओळ प्रेमाने भरायची असल्यामुळे राहूनच गेली.

आणि साच्याचा नियम असा, की रकाना रिकामा असेल तर पानावर 'नाही' छापायचं. का, तर 'माहीत नाही' लिहिलं की वाचणारा निघून जातो. तज्ज्ञाला माहीत नाही म्हणजे काय!

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आमचं सगळं लक्ष त्या वेळी एका मोठ्या लॉन्ड्रीकडे लागलं होतं. शहरभर दुकानं असलेली ती लॉन्ड्री नवऱ्याचं सॉफ्टवेअर घेणार होती. त्यांच्या मॅनेजरबाई स्वतः येऊन सगळं पाहून गेल्या होत्या, फक्त सही व्हायची बाकी होती. सही झाली असती तर हाताखाली एक माणूस ठेवता आला असता. नाही झाली तर सॉफ्टवेअर बंद करायचं आणि नवऱ्याने जुन्या कंपनीत परत जायचं, असं आमचं ठरलं होतं. ती कंपनी दुसऱ्या शहरात. म्हणजे तो तिकडे आणि मी इकडे, सासूबाई आणि तज्ज्ञ मंडळी यांच्यासह.

बाईंचा फोन आला तेव्हा नवरा अर्थातच जेवत होता. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, आम्ही दुसऱ्या कंपनीचं घेतोय, तुमच्यात बॅकअप नाही. नवरा म्हणाला, आहे की, तुमच्यासमोर दाखवला. त्यावर बाई म्हणाल्या, दाखवलात खरा, पण चार वेगवेगळ्या साइट्सवर 'नाही' असं लिहिलंय, चार जण एकच खोटं कसं बोलतील?

नवऱ्याने फोन ठेवला, हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि बॅकअप होतो की नाही ते तपासायला लागला. स्वतः लिहिलेला, वर्षानुवर्षं चालणारा बॅकअप! त्याची ती वाकलेली मान बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझ्या फोनवर शोधलं. पहिल्याच पानावर हाताची घडी, मागे शेजाऱ्यांचं कपाट. बॅकअप: नाही. इंटरनेट नसताना: चालत नाही. फोनवर मदत: नाही. फोनवर मदत नाही! समोर अर्धं टाकलेलं ताट, आणि फोनवर मदत नाही! बाकीच्या तीन साइट्सनी हेच जसंच्या तसं उचललं होतं.

मी मागच्या खोलीत गेले आणि जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भावजींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी आधी ओळ भरली. सगळीकडे 'आहे' टाकलं, बटण दाबलं. त्यांच्या साइटवर क्षणात सगळं बदललं. पण बाकीच्या तिघा तज्ज्ञांना कोण सांगणार? त्यांना कळवायला पत्ता शोधला तर तोही कुठेच नव्हता. म्हणाले, वहिनी, मी स्वतः बाईंकडे जातो.

आणि खरंच गेले. परत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. बाईंसमोर त्यांनी कबूल केलं की ते पान आपलं आहे, ते चूक आहे, आणि आपण यातलं काही पारखत नाही. बाईंनी विचारलं, मग आम्ही जे घ्यायला निघालो आहोत, त्याच्यापुढे जे 'आहे, आहे' लिहिलंय, तेही असंच? हेही असंच, असं भावजींनी सांगितलं.  बाई म्हणाल्या, तोंडी सगळेच बोलतात, हे तुमच्या साइटवर चारचौघांत लिहा, मग मी तुमच्या दादांचं सॉफ्टवेअर महिनाभर एका दुकानात लावून बघते.

असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं दुकान बंद करणं. पारखत नाही म्हणणाऱ्याच्या पानावरून कोण काय विकत घेईल? पण भावजींनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला. मी चहा करून मागच्या खोलीत नेऊन दिला, हे मी दर वर्षी करते असं नाही.

फक्त एक झालं. माफीचं एक पान हाताने लिहावं, हे काही त्यांना सुचलं नाही. ज्याला बटणाची सवय त्याला पेन सापडत नाही. त्यांनी साच्यातच वर, ठळक अक्षरांत, एक ओळ घातली: 'या पानावरची दोन्ही सॉफ्टवेअर मी स्वतः कधीही वापरलेली नाहीत.' बटण दाबलं. हजारो पानांवर एकदम कबुली. आयुष्यात पहिल्यांदा सगळी पानं खरी झाली, दादाच्या सॉफ्टवेअरची तेवढी सोडून.

बाईंचा फोन दोन दिवसांनी आला. नवऱ्याने तो जेवणाच्या टेबलावरच स्पीकरवर लावला, मी शेजारीच बसले होते.

"तुमच्या भावाने शब्द पाळला," बाई म्हणाल्या. "पण मी नीट वाचलं. तुमचं सॉफ्टवेअर तुमच्या सख्ख्या भावानेसुद्धा कधी वापरलेलं नाही. मग मी माझ्या दुकानांत कसं घालू?"

नवरा सांगायला लागला, की वापरलंय हो, अख्खा उन्हाळा वापरलंय, ही ओळ साच्यातून सगळीकडे गेली. बाई हसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणाल्या, तेव्हाही चूकच झाली होती, आताही चूकच झाली, आता राहू द्या. आणि फोन ठेवला.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. भावजी दारात उभे. कमिशन तर दोन दिवसांतच आटलं होतं, पण चेहरा असा, की बाबा पेपर मी लिहिलाय, निकाल तेवढा सांग. "काय म्हणाल्या बाई?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं, आणि ते अगदी क्रमाने लावून ठेवलेलं होतं. नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला.

"तुझं पान आवडलं त्यांना," तो म्हणाला. "पण आपलं जरा महाग वाटलं."

भावजींनी सुस्कारा सोडला. हरल्याचा नव्हे, सुटल्याचा. आपल्यामुळे नाही गेलं, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. मी नवऱ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने ताटं उचलली. लग्नानंतर या घरात माझ्या तोंडाला कुलूप लागायची ती पहिलीच वेळ. त्या क्षणी मला नवऱ्याचा इतका राग आला आणि त्याच्यावर इतकी माया आली, की दोन्ही एकदम कुठे ठेवू ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा उकळायला ठेवला. बाहेरच्या खोलीत नवरा जुन्या साहेबांशी फोनवर बोलत होता, कधीपासून रुजू होऊ म्हणून. मी सहज भावजींची साइट उघडली. ती ठळक ओळ दादाच्या पानांवरून काढली असेल, असं मनात होतं. ती तशीच होती. खाली मात्र एक नवा रकाना आला होता, 'प्रत्यक्ष ग्राहक काय म्हणतात'. एक सॉफ्टवेअर पाहिलं: तक्रार नाही. दुसरं: तक्रार नाही. तिसरं, चौथं, शाळेच्या बसचं, दातांच्या दवाखान्याचं, सगळ्यांपुढे तक्रार नाही. आणि माझ्या नवऱ्याच्या सॉफ्टवेअरपुढे, तीनशे पानांवर: 'महाग वाटतं'.

मी चहा गॅसवर तसाच सोडून मागच्या खोलीत गेले आणि फोन त्यांच्यापुढे धरला. हे काय, असं विचारलं.

भावजी प्रसन्न होते. किती दिवसांनी असे दिसले. म्हणाले, आता रिकाम्या रकान्यावर 'नाही' छापायचं बंद केलंय, कुणाचं उगाच नुकसान नको. ज्यांच्याबद्दल काही कळलेलं नाही त्यांच्यापुढे 'तक्रार नाही'.

"आणि दादाचं?"

"ते मात्र मी रिकामं ठेवलं नाही, वहिनी," ते म्हणाले. "अख्ख्या शीटमध्ये हा एकच रकाना असा आहे, जो मी ज्याला माहीत आहे त्याला विचारून भरलाय."