मधली वाट

माझे शेजारी हार्टविन ल्योबेके यांनी जर्मनीतल्या कासल शहरात एकतीस वर्षे रुग्णवाहिका चालवली. गेल्या ऑक्टोबरात ते निवृत्त झाले. त्यांचा शीण मात्र निवृत्त झाला नाही. त्यांच्या पत्नीला, गेर्लिंडेबाईंना, मोटारींच्या पाठलागाचे चित्रपट अतिशय प्रिय. तीन रविवार त्या यजमानांना घेऊन गेल्या आणि तिन्ही वेळा ते अर्ध्यातच उठून बाहेर आले.

चौथ्या रविवारी मीही बरोबर होतो; शाळेत भाषा शिकवतो म्हणून दोघेही मला मास्तर म्हणतात. चित्रपटगृहाच्या दारातच बाईंनी बजावले, "आज उठून गेलास, तर यापुढे मी बहिणीबरोबर येईन. मग बस घरी एकटा."

"बसतो गं. हे मास्तर साक्षीला आहेत ना!"

पडद्यावर पाऊस होता. निळ्या मोटारीमागे दोन काळ्या मोटारी लागल्या. प्रत्येक वळणावर हार्टविन यांचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा जमिनीवर दाबला जाई.

"ओला रस्ता, अन् हा बाबा एका हातानं चालवतोय," ते पुटपुटले.

"गप्प बस!"

वीस मिनिटांनी पाय थांबला. पाहतो तो हनुवटी छातीवर टेकलेली. गाढ झोप लागली होती.

पुढे महामार्गावर वाहने तुंबली आणि मागून रुग्णवाहिकेचा भोंगा वाजू लागला. आमच्याकडे वाहतूक थांबताच डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे सरकतात आणि रुग्णवाहिकेसाठी मधली वाट मोकळी ठेवतात. पडद्यावर मात्र कोणी हलले नाही. हार्टविन झोपेतच ताडकन उभे राहिले.

"वाट सोडा! मधली वाट सोडा!"

कोणी हसण्यापूर्वी सवयीने आपले काम केले. आमच्या रांगेतल्या सर्वांनी गुडघे बाजूला वळवले, पिशव्या उचलल्या. थेट दारापर्यंत वाट मोकळी झाली. मग हशा उसळला.

"डॉक्टरसाहेब, पेशंट कुठंय?" मागून कोणीतरी विचारले.

हार्टविन त्या वाटेकडे, तिच्या टोकाच्या दाराकडे बघत राहिले. बाईंनी त्यांची बाही ओढली नाही. बाईंच्या मुठीत लाह्यांची पिशवी मात्र चुरगळली होती.

"कुणाला न्यायचंच नाहीये," असे म्हणून ते सावकाश खाली बसले.

"उठलास," बाई कुजबुजल्या.

"मास्तर, सांगा हिला."

"उठणे निराळे आणि उठून जाणे निराळे," मी निर्णय दिला.

"व्याकरण घरी शिकवा, मास्तर!" बाईंनी चुरगळलेली पिशवी यजमानांपुढे धरली. "खा. पुढच्या रविवारी सायकलींचा पाठलाग असलेला शोधते."