संत्र्यांच्या ट्रकातली शर्यतीची गाडी

सातवीनंतर शाळा सोडून मी कोकणातून निघालो आणि क्लिनर म्हणून फिरत फिरत नागपुरात येऊन थांबलो. थांबलो म्हणजे काय, आमच्या मालकाने ट्रक इथेच विकून टाकला आणि मी उरलो. संत्रा मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याने मला ठेवून घेतलं. गोदामामागची खोली दिली, पुढे स्टिअरिंगही हातात दिलं. ते उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण तेव्हा मनात भीतीच जास्त असायची, की हे काम सुटलं तर गावी कोणत्या तोंडाने जायचं.

मालक दोघे भाऊ. थोरले फक्त धंदा बघत. धाकटे, म्हणजे ज्यांनी मला ठेवलं ते, धंदाही बघत आणि मोटारींच्या शर्यतीत गाडीही चालवत. वर्षातून एकदा मद्रासला, कधी कलकत्त्याला. त्यांची ती लहानशी गाडी गोदामात ताडपत्रीखाली असे. मागच्या सीटा काढलेल्या, ड्रायव्हरशेजारचीही काढलेली. ती पुसण्याचं, राखण्याचं काम माझं.

मला त्या माणसाचं कोडं पडलं होतं. बाजारात त्यांचं तोंड क्षणभर बंद नसे. आणि धरमपेठेतल्या घरून मार्केटला येताना मोटार इतकी हळू चालवत की सायकलवाले पुढे जात. मग शर्यतीत हे करतात तरी काय? एकदा धीर करून विचारलं.

"ते सांगून नाही समजत गा," ते म्हणाले. "बसल्यावर समजते."

त्या वर्षी मृग बहराची संत्री निघायला आणि मद्रासची शर्यत यायला एकच गाठ पडली. थोरल्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मद्रासले रिकामा ट्रक जाणार नाही. तुझी कार चढव, अन् उरलेल्या जागेत माल भर. यंदा नंबर नाही आला तर ही गाडी विकायची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अन् हा कोकण्या हिच्यासाठीच ठेवला ना? गाडी गेली की मग याचं काय काम?"

धाकटे म्हणाले, "ट्रक हाच नेईल."

इतक्या लांब मी कधी ट्रक नेला नव्हता. मान डोलावली खरी, पण रात्री उठून ट्रकाचे ब्रेक पुन्हा बघून आलो.

फळ्या लावून गाडी ट्रकात ढकलली. चहूबाजूंनी पेट्या लागल्या. थोरले खिडकीतून आत डोकावले. "हे पोट काहून रिकामं सोडता?" झालं, गाडीच्या आतही संत्री गेली. पेट्या भरणाऱ्या बायांनी संत्र्यांना लावतात तसं भाताचं तणीस, आमच्याकडचा पेंढा, गाडीला लावलं. त्यांतली वयस्क बाई बाकीच्यांना सांगत होती, "खालून बी भरा वं. हिले खरचटलं तर मालक जेवणार नाहीत." गाडीच्या पोटाखाली, चाकांत, जिथे बोट शिरेल तिथे तणीस कोंबलं. ते बघून धाकटे मालक खूश. मीही निश्चिंत झालो, कारण ओरखडा उठला असता तर जबाब मलाच द्यायचा होता.

खड्डा दिसला की ब्रेक मारत मी तिसऱ्या दिवशी मद्रास गाठलं. धाकटे मालक रेल्वेने आधीच पोचले होते. माल तिथल्या व्यापाऱ्याकडे उतरवला, दोघांनी मिळून गाडी झाडून स्वच्छ केली. निदान आम्हाला तरी तसं वाटलं.

शर्यत विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर होती. मालक तिसरे होते, दुसऱ्याच्या अगदी पाठीशी. मी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल करत होतो, तेवढ्यात गाडीखालून पांढरा धूर निघाला. मालकांनी गाडी बाजूला घेतली. तिथला ओळखीचा मेस्त्री खाली झोपला आणि सायलेन्सरच्या नळीवरून तणसाची जळती जुडी ओढून काढली.

"इसमें घास कौन भरा?" त्याने विचारलं.

"नागपूर का पॅकिंग है," मालक म्हणाले.

पाणी मारून ते पुन्हा गेले. शर्यत पूर्ण केली, पण सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. मला समोर फक्त गोदामामागची खोली दिसत होती, आणि तिला लागलेलं दुसऱ्या कोणाचं तरी कुलूप.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या दुकानातून नागपूरला ट्रंककॉल लागला. मी दारात उभा. मालक ओरडून बोलत होते.

"नाही आला नंबर... हो, विकतो... माल? माल चांगला आहे दादा. एक पेटी नाही दबली... ट्रक कोणं चालवला म्हणजे? कोकण्यानंच." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. "बरं, सांगतो त्याले."

पण लगेच काही सांगितलं नाही. संध्याकाळी मला धावपट्टीवर नेलं. संत्र्याची रिकामी पेटी उपडी करून गाडीत ठेवली आणि म्हणाले, "बस. पकडून राहजो."

एक फेरी मारली. मी पेटी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पण मी त्यांच्याकडेच बघत होतो. ते चकार शब्द बोलत नव्हते. फळ न दाबता पिकलं का ते बघतात, तसे त्यांचे अंगठे स्टिअरिंगवर टेकलेले होते. वळण आलं तरी नजर त्या वळणावर नव्हती, पलीकडे कुठे तरी लांब होती. गाडी थांबली आणि त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

"समजलं?"

"नाही, मालक."

"मले बी पुरतं समजलं नाही अजून."

गाडी त्या मेस्त्रीने घेतली. मालकांनी सौद्यात एक अट घातली, की दर वर्षी शर्यतीत ती तेच चालवणार. मी घाबरून विचारलं, "मोठे मालक काय म्हणतील?"

"दादानं गाडी विक म्हटलं. चालवू नको असं कुठी म्हटलं?" ते म्हणाले. "अन् तुले सांगायचं राहिलं. मद्रासचा माल आता तूच न्यायचा, असं म्हणून राहिला तो."

पुढची कितीतरी वर्षं मी तो ट्रक नेला. शर्यतीच्या सुमारास मालक केबिनमध्ये माझ्याशेजारी असत. नागपूर सुटल्यापासून माझ्या ब्रेक मारण्यात चुका काढत. हैदराबाद मागे पडलं की त्यांचं बोलणं हळूहळू कमी होई, आणि मद्रास जवळ आलं की ते अगदी गप्प बसत.