फाडलेले तीन कागद

जोतीरामतात्यांना गावात दोन गोष्टींसाठी मान होता. एक मेंढरांची पारख, आणि ती खरीच होती. दुसरी, भांडणं मिटवण्याची हातोटी. सांगोल्याकडच्या त्या डाळिंबाच्या गावात अकरा वर्षं ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. या काळात एकही भांडण पोलीस ठाण्याची पायरी चढलं नाही, हे ते पाहुण्याला चहा येण्याआधीच सांगून टाकत.

त्यांची रीत ठरलेली होती. दोघांना बिरोबाच्या देवळात बसवायचं, झालं ते कागदावर लिहायचं, सह्या-अंगठे घ्यायचे. चुकलेल्यानं भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून शपथ घ्यायची, की पुन्हा असं करणार नाही. आणि मग तात्यांनी तो कागद सगळ्यांदेखत टराटरा फाडायचा. "कागुद ऱ्हायला की डूख ऱ्हातो," ते म्हणत. बांधाच्या भांडणाला हे औषध लागू पडायचंही. बांध काही उठून पुन्हा मारायला येत नाही.

भावकीतल्या कुमारची बायको पूनम अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा मारतो म्हणून ती देवळात तीनदा आली. तिन्ही वेळा कुमारनं मान खाली घालून भंडारा उचलला, तिन्ही वेळा तात्यांनी कागद फाडला, आणि तिन्ही वेळा पूनम त्याच्यामागून घरी गेली. तिसऱ्या खेपेला तात्या समाधानानं जेवायला बसले, तर त्यांच्या बायकोनं, रंभाबाईंनी, ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

"कागुद फाडला की मिटलं व्हय? तिच्या पाटीवर उटलंय ते कसं फाडणार?"

"देवाम्होरं शपत घेतलीया त्यानं."

"मागल्या दोन काय इसरून घेतल्या व्हत्या?"

तात्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. बायकोला द्यायला उत्तर नसलं की ते नेहमी एक भाकरी जास्त खात.

चौथ्या वेळी कुमारनं पूनमचं मनगट मोडलं. या खेपेला ती देवळात आली नाही. एसटीनं सांगोल्याला गेली, सरकारी दवाखान्यात हात बांधून घेतला आणि तिथून थेट घरगुती हिंसेच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकारी दाक्षायणी मॅडमच्या कचेरीत. खरं सांगायचं तर तात्यांना पहिला राग आला तो कुमारचा नाही, पूनमचाच. मला न विचारता गेली! अकरा वर्षांचं नाव एका दिवसात पुसलं, याचंच त्यांना वाईट वाटलं. माणसाला आधी स्वतःचं दुखतं, तात्या काही त्याला अपवाद नव्हते.

महिन्याभरानं पूनम त्यांच्या अंगणात उभी राहिली. हाताला प्लास्टर होतं. माहेरीच राहत होती.

"तात्या, कोर्टात तुमी यायला पायजे," ती म्हणाली. "मी ऑर्डर मागितलीया. त्यानं माझ्या माहेरी यायचं न्हाई, अंगणवाडीच्या आसपास फिरकायचं न्हाई. आला तर पोलीस सरळ धरून नेत्यात. पर त्याचा वकील म्हंतोय, पैल्यांदाच झालंय, रागाच्या भरात."

"पैल्यांदा?"

"मग? आदीचं कुटं लिवलंय?"

तात्यांनी हातातला चहा खाली ठेवला. कागद असते तर तिला त्यांच्या दारात यावंच लागलं नसतं.

"भावकी काय म्हनंल, पोरी?" एवढंच त्यांना सुचलं.

रंभाबाईंनी दिलेला चहा पूनमनं डाव्या हातानं प्यायला, तारीख सांगितली आणि निघून गेली.

ते आठ दिवस तात्यांना जड गेले. बायकांना मारणाऱ्यांसाठी कायदा आणखी कडक करायला हवा, असं ग्रामसभेत कोणी म्हटलं की ते सर्वांत आधी मान डोलवत. आता मेंढरांमागून चालताना त्यांना वाटायचं, कायदा कितीही कडक करा, त्याच्यापुढे येणारा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच चुकलेला असेल तर तो बिचारा कायदा काय करणार? आणि कुमारला दर वेळी कोरा करून कोणी सोडला? आपणच की. या हातांनी.

तारखेला ते धुतलेलं धोतर नेसून निघाले. भावकीतलं कोणी बोललं नाही. कुमारचा चुलता तर वाटेत थुंकला.

आधी तीनदा मारल्याचं तात्यांनी कोर्टात सांगितलं, तेव्हा कुमारच्या वकिलानं विचारलं, "त्या तीन वेळच्या नोंदी कुठं आहेत?"

"फाडल्या, सायेब. मीच."

"मग विश्वास कशावर ठेवायचा?"

"पैली खेप डाळिंबाची छाटणी चालू व्हती तवाची. कान सुजला व्हता तिचा. दुसरी, टँकर उशिरा आला त्या दिवशीची. पान्याचा हंडा मारला, खांद्याला. तिसरी, लोकर कातरायच्या दिसांत, पट्ट्यानं, पाटीवर. माझ्या हातानं लिवलंय, सायेब. मेंढरू एकदा बघितलं की मी इसरत न्हाई, मानूस कसा इसरंन?" ते न्यायाधीश बाईंकडे वळले. "तीन येळा मी मिटवलं म्हनून गावात मिरवलो. मिटलं न्हवतं. मी फकस्त कागुद फाडला."

न्यायाधीश बाईंनी त्यातला शब्द न् शब्द टिपून घ्यायला सांगितला. खाली बघत बसलेल्या कुमारकडे तात्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी ऑर्डर झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात दाक्षायणी मॅडमनी पूनमच्या हातात शिक्का मारलेली प्रत दिली आणि एक प्रत पोलीस ठाण्यात जाईल असं सांगितलं. तात्या बाकावरून उठले. त्यांना खरंच आनंद झाला होता. अकरा वर्षांच्या सवयीनं त्यांनी हात पुढे केला.

"बगू गं पोरी, काय लिवलंय."

पूनमनं कागद छातीशी धरला.

"न्हाई तात्या," ती हळूच म्हणाली. "तुमच्या हातात न्हाई द्यायची मी."

तात्यांचा हात तसाच राहिला, मग खाली आला. पूनम बाकावर बसली. कागद तिनं मांडीवर उलगडला, चांगल्या हातानं घट्ट दाबून धरला, आणि एकेका ओळीखाली दुसऱ्या हाताचा अंगठा सरकवत त्यांना वाचून दाखवू लागली. दोन्ही हात पाठीमागे धरून, वाकून, तात्या ऐकत राहिले.